'बेस आहे' म्हणजे नेमके काय?
रेडिओविषयी पाड्यावरच्या श्रोत्यांचे म्हणणे

आपल्या संस्थेच्या आरोग्य विभागात मी परिचारिका म्हणून काम करते. जव्हार-मोखाडा भागातील पाड्यांवर आठवड्यातून तीन दिवस माझी फिरती असते. या कामाला जोड म्हणून गेली चार वर्षे मी आमच्या भागात ऐकू येणाऱ्या एका स्थानिक रेडिओ केंद्रावर दर बुधवारी पंधरा मिनिटे आरोग्यावर बोलते. गरोदर बाईचा आहार, बाळाचे लसीकरण, साप चावल्यावर काय करावे, जुलाब झाले तर काय द्यावे, असे साधे विषय. एकेका पाड्यावर पोचायला मला महिना-दीड महिना लागतो, रेडिओ मात्र एका वेळी सगळीकडे पोचतो, अशी माझी समजूत होती. संस्थेच्या वार्षिक अहवालातही या कार्यक्रमाचा उल्लेख कौतुकाने होत असे. या समजुतीला गेल्या पावसाळ्यात धक्का बसला, म्हणून हा लेख.

एका पाड्यावर दीड वर्षाच्या बाळाला जुलाब लागले होते. आई आवणीला गेलेली, घरी आजी. आजीने मागे मिळालेली जलसंजीवनीची मोठी पुडी काढली, एका पेल्यात कालवली आणि थोडी थोडी करून सगळी बाळाला पाजली. दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचले तेव्हा बाळ किरकिरत होते, तोंड कोरडे पडले होते आणि पाण्यासाठी ते पेल्यावर झडप घालत होते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पेलाभर पाण्यात कालवली की मिठाचे प्रमाण फार वाढते आणि औषधच बाळाला अपाय करते. आम्ही लगेच गाडी करून रुग्णालय गाठले. तीन दिवसांनी बाळ घरी आले, आता छान खेळते आहे.

मी आजीला विचारले, "आजी, हे असे कोणी सांगितले?" ती म्हणाली, "तूच तर सांगितलेस ताई, रेडिओत. एक पुडी पाण्यात टाका आणि बाळाला पाजा."

मी घरी येऊन त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. 'एक लिटर पाण्यात' हे शब्द मी उच्चारले होते, पण एकदाच आणि भरभर. नातवाच्या मोबाइलवर ऐकताना नेमक्या त्या वेळी खरखर झाली असावी. आणि खरखर झाली नसती तरी ज्या घरात पाणी हंड्याने आणि तांब्याने मोजतात, तिथे 'लिटर' या शब्दाने काय कळले असते? चूक आजीची नव्हती, माझी होती. आपले बोलणे पलीकडे कसे पोचते, हे चार वर्षांत एकदाही मी नीट विचारले नव्हते.

विचारले, तर सगळे म्हणाले 'बेस'

त्यानंतर मी, संस्थेचे दोन कार्यकर्ते आणि ओळखीच्या दोन आशाताई अशा पाच जणांनी ठरवले की पाड्यापाड्यावर जाऊन रेडिओविषयी लोकांचे म्हणणे ऐकायचे. केवळ माझ्या कार्यक्रमाविषयी नाही, तर जे जे केंद्र तिथे ऐकू येते त्या सगळ्यांविषयी.

पहिल्या पाड्यावर आम्ही विचारले, "रेडिओ कसा वाटतो?" उत्तर आले, "बेस आहे." "ताईचा कार्यक्रम?" "बेस आहे." "काही बदल हवा का?" "नाय, बेस आहे." दुसऱ्या आणि तिसऱ्या पाड्यावरही हेच. आमच्या एका कार्यकर्त्याने वहीत लिहिले, 'श्रोते समाधानी'. ते वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले.

वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, कोणत्याही घरी जा, दारी आलेल्या माणसाच्या तोंडावर त्याच्या कामाला नाव ठेवणार नाहीत. त्यात मी औषधे देणारी. माझ्या कार्यक्रमाला वाईट म्हणून मला कोण दुखवील? म्हणजे या 'बेस'मध्ये पाहुण्याचा मान होता, रेडिओविषयीचे मत नव्हते.

रेडिओ केंद्रांचीही पूर्वापार हीच अडचण आहे. केंद्राकडे पत्रे येतात, आता फोन आणि व्हॉट्सॲप येतात. पण पत्र कोण लिहितो? ज्याला लिहिता येते, ज्याच्याजवळ वेळ आहे आणि ज्याला कार्यक्रम आवडला आहे तो. ज्याला ऐकूच आले नाही, तो 'ऐकू आले नाही' असे कळवायला बसत नाही. ज्या बाईला भाषा कळली नाही ती मुकाट्याने कामाला लागते. म्हणून आलेल्या पत्रांचा गठ्ठा म्हणजे सगळ्या श्रोत्यांचे मत, असे धरून चालत नाही. आकाशवाणीत यासाठी श्रोता संशोधनाचा स्वतंत्र विभाग ठेवलेला आहे. त्याची माणसे घरोघर जाऊन विचारतात. लहान केंद्रांना मात्र हे क्वचितच जमते.

आम्ही मग प्रश्न बदलले. 'आवडते का' हा शब्दच काढून टाकला. त्याऐवजी असे विचारू लागलो : काल घरात रेडिओ लागला होता का? कोणी लावला? कुठे बसून ऐकला? काय चालले होते? त्यातले काय आठवते? कधी बंद केला आणि का? या प्रश्नांना 'बेस आहे' हे उत्तर देता येत नाही. लोक आठवून बोलू लागले. एकाने सांगितले की दुसरा म्हणे, "नाय रे, तसे नव्हते." अशी चर्चा सुरू झाली की आम्ही गप्प बसून लिहून घ्यायचो.

डोंगराआड आवाज येत नाही

सर्वांत जास्त लोकांनी जे सांगितले ते कार्यक्रमाविषयी नव्हतेच. ते म्हणाले, "लागतच नाही." एका पाड्यावरच्या मुलांनी आम्हाला वरच्या माळावर नेले आणि म्हणाली, "इथे लागतो. खाली घरात नाही." गुरे राखायला वर जाणाऱ्या मुलांना रेडिओ ऐकू येत होता, खाली घरात बाळ घेऊन बसलेल्या आईला नाही. आणि मी बोलत होते ते त्या आईसाठी.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मनोऱ्यापासून आपल्यापर्यंत मध्ये डोंगर आला की मागे त्यांची सावली पडते, उन्हाची पडते तशीच. म्हणून सपाटीवर एफएम छान लागते आणि आमच्यासारख्या दऱ्याखोऱ्यांच्या भागात वळणावळणाला येते-जाते. आकाशवाणीची जुनी मध्यम लहरींची केंद्रे वेगळ्या पद्धतीने चालतात. त्या लहरी लांब असल्याने जमिनीला धरून चढउतारांवरून दूरवर जातात. म्हणून मुंबई केंद्राची अस्मिता वाहिनी आमच्या जुन्या माणसांच्या ओळखीची आहे. पण मध्यम लहरींत आवाज हा लहरीच्या कमीजास्त उंचीत भरलेला असतो आणि वीज चमकली की तिचाही धक्का त्याच उंचीत मिसळतो. त्यामुळे नेमके पावसाळ्यात, जेव्हा सूचना सर्वांत गरजेची असते, तेव्हा खरखर वाढते. घरातला मोबाइलचा चार्जर किंवा हलक्या प्रतीचा एलईडी दिवाही हीच खरखर करतो. एका आजोबांना आम्ही घरातला दिवा बंद करून रेडिओ लावायला सांगितला. आवाज स्वच्छ झाला. ते इतकी वर्षे रेडिओलाच दोष देत होते.

दुसरी अडचण यंत्राची. पेटीचा रेडिओ आता फार थोड्या घरांत उरला आहे. बहुतेक जण बटणांच्या मोबाइलवर ऐकतात. बऱ्याच मोबाइलमध्ये एफएमला वेगळे एरियल नसते, कानात घालायच्या इयरफोनची वायर हेच त्याचे एरियल. वायर तुटली की रेडिओही गेला. आणि वायर लावली की एक किंवा दोघेच ऐकणार. पूर्वी एक रेडिओ ओसरीवर लागला की चार घरे ऐकत. आता तो एकाच्या कानात गेला आहे आणि तो कान बहुधा तरण्या मुलाचा असतो. अनेक बायांनी सांगितले, "मोबाइल पोराकडे असतो. तो गाणी ऐकतो." नव्या स्मार्टफोनपैकी काहींत एफएमची सोयच चालू ठेवलेली नसते. ती चालू ठेवावी, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ साली मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना केली आहे. संकटाच्या वेळी मोबाइलचे जाळे बंद पडते तेव्हा रेडिओ उपयोगी पडतो, हेही त्या सूचनेमागचे एक कारण आहे.

आमच्या वेळी नाही, आमच्या बोलीत नाही

माझा कार्यक्रम बुधवारी सकाळी अकराला लागायचा. केंद्राने दिलेली वेळ मी आनंदाने घेतली होती. एका बाईने मला हिशेब करून दाखवला. पहाटे उठून पाणी, भाकरी. मग वावरात किंवा लाकडांना. दुपारी उशिरा परत. पुन्हा पाणी. रात्री जेवण झाले की थोडा वेळ मोकळा. "अकराला कोण घरी असते ताई? आजारी माणूस आणि म्हातारी." ती सहज बोलून गेली, पण मला त्या आजीची आठवण झाली.

शिवाय दिवाळीनंतर निम्मा पाडा रिकामा होतो. माणसे भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात. ती पावसाच्या तोंडावर परत येतात. आमच्या केंद्राचा आवाज तिथपर्यंत जात नाही. तिथे ती मुंबईची खासगी एफएम केंद्रे ऐकतात आणि त्यांच्याविषयी तरुण मुले भरभरून बोलली. मला वाटले होते की फक्त गाण्यांमुळे आवडत असतील. एक मुलगा म्हणाला, "तिकडचा माणूस आपल्याशी बोलतो असे वाटते. इकडचा वाचून दाखवतो." मी लिहून नेलेला कागदच वाचत होते, हे त्याने बरोबर ओळखले होते.

भाषेविषयी लोक संकोचाने बोलले. शाळा शिकलेल्यांना प्रमाण मराठी कळते. वयस्कर बायांना निम्मी कळते. 'अतिसार', 'स्तनपान', 'प्रतिबंधात्मक उपाय' हे माझे शब्द त्यांच्या कानावरून गेले. आमच्या आशाताईंनी तेच वारलीत सांगितले तेव्हा बाया हसून म्हणाल्या, "असे सांगायचे होते तर!" एका आजोबांची तक्रार आणखी वेगळी होती. "आमचा तारपा वर्षातून एकदा आदिवासी दिनाला लावतात. कोणी वाजवला, कुठल्या पाड्याचा, ते सांगत नाहीत. सिनेमाच्या गाण्याला मात्र गाणाऱ्याचे नाव सांगतात." हे मी आजवर कोणत्याही अहवालात वाचले नव्हते.

शेती आमची वेगळी

पुरुषांचा सर्वाधिक आक्षेप शेतीच्या कार्यक्रमांवर होता. द्राक्षावरची फवारणी, कांद्याचे भाव, उसाचे खोड. "आमच्याकडे नागली, वरई, थोडे भात. काही जण मोगरा लावतात. मोगऱ्याचा भाव कुठे सांगतात?" हा प्रश्न रास्त आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात मोगऱ्याची शेती बरीच वाढली आहे आणि फुले रोजच्या रोज विकावी लागतात. त्या शेतकऱ्याला आजचा भाव कळला तर त्याचा खरा उपयोग आहे.

हवामानाविषयी असेच. 'पालघर जिल्ह्यात काही ठिकाणी मुसळधार' असे ऐकून काय करायचे? २०१४ साली झालेला हा जिल्हा समुद्रकिनाऱ्यापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेला आहे. वसईचा पाऊस आणि मोखाड्याचा पाऊस वेगळा. ओढा पार करून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईला आज आपल्या ओढ्याचे काय, एवढेच हवे असते.

इतक्या तक्रारी असूनही एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक पाड्यावर ऐकायला मिळाली. मोबाइलवर येणाऱ्या चित्रफितींपेक्षा लोकांचा रेडिओवर अधिक विश्वास आहे. करोनाच्या काळात लसीविषयी नाना अफवा फिरत होत्या. त्या वेळी 'रेडिओवर सांगितले' म्हणून लस घेतलेली माणसे आम्हाला भेटली. हा विश्वास मोठा ठेवा आहे, पण त्याने आपली जबाबदारीही वाढते. आजीने पुडी पेल्यात कालवली ती याच विश्वासाने.

सत्तर वर्षांपूर्वीचा एक धडा

श्रोत्याला विचारत विचारत रेडिओ चालवणे ही काही नवी कल्पना नाही आणि तिचा एक मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोता मंचाचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचा मंच. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सर्वांनी एकत्र बसून ऐकायचा, लगेच त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न व म्हणणे केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळत. असे वीस कार्यक्रम झाले.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनी ती पाहिली. त्यांनी तीन प्रकारची गावे तुलनेला घेतली होती : मंच असलेली, रेडिओ असून मंच नसलेली आणि रेडिओच नसलेली. मंच असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे कार्यक्रम तोच, आवाज तोच, पण एकत्र बसून बोलणे झाले तिथे तो रुजला. १९५९ पासून हे मंच देशभर सुरू करण्यात आले, पण पुढे हळूहळू ते मागे पडले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या ओसरीवरच्या चर्चा आठवल्या. आम्ही फक्त मत विचारायला गेलो होतो, पण चर्चेच्या ओघात बायांनी एकमेकींना जुलाबाचे औषध कसे कालवायचे ते सांगितले. माझ्या चार वर्षांच्या बोलण्याने झाले नसते ते एका संध्याकाळी झाले.

आपले स्वतःचे केंद्र असावे का?

हे सारे ऐकून संस्थेच्या बैठकीत प्रश्न निघाला की आपणच सामुदायिक रेडिओ केंद्र का काढू नये? अनेक वाचकांच्या मनातही हे येईल, म्हणून त्याची माहिती थोडक्यात देते.

हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालच्या एका निकालात म्हटले. त्यानंतर प्रथम शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सामाजिक संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही छोटे रेडिओ केंद्र चालवण्याची परवानगी मिळू लागली. संस्था नोंदणीकृत आणि निदान तीन वर्षे काम केलेली असावी लागते. केंद्राची शक्ती लहान ठेवलेली असते, सपाटीवर आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातो. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले असावे लागतात आणि ते शक्यतो तिथल्या भाषेत किंवा बोलीत असावेत, अशी अपेक्षा असते. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. मात्र हवामान, बाजारभाव, पाणी-वीज, आरोग्याच्या सूचना, परीक्षा, जत्रा ही माहिती देता येते. आमच्या लोकांनी जे मागितले ते जवळजवळ सगळे या यादीत बसते.

अशी केंद्रे चालवून दाखवलेली आहेत. तेलंगणात माचनूर येथे २००८ पासून संघम रेडिओ दलित समाजातील स्त्रिया चालवतात. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, सांगली जिल्ह्यात जालिहाळला येरळावाणी आहे. नाशिकच्या रेडिओ विश्वासने २०२० च्या टाळेबंदीत जिल्हा परिषदेबरोबर शाळेचे धडे प्रसारित केले. ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांना त्याचा आधार झाला. मध्य प्रदेश सरकारच्या आदिवासी विभागाने 'वन्या' या नावाने भिली, गोंडी, कोरकू अशा भाषांत केंद्रे काढली. मध्य भारतात २०१० साली सुरू झालेल्या सीजीनेट स्वराने तर मनोराच टाळला. लोक साध्या फोनवरून आपले म्हणणे गोंडीत किंवा हिंदीत नोंदवतात आणि इतर जण फोनवरच ते ऐकतात.

तरीही माझे मत असे आहे की आपण लगेच केंद्राच्या मागे लागू नये. पहिले कारण डोंगर. सपाटीवर जिथे पंधरा किलोमीटर जाईल तो आवाज आपल्या दरीत एका वळणावर थांबेल. आधी मनोरा कुठे उभारला तर कुठले पाडे आवाक्यात येतात, हे जाणकाराकडून तपासून घ्यायला हवे. दुसरे, यंत्रसामग्रीला काही लाख रुपये एकदा लागतील, ते देणगीतून मिळतीलही. पण वीज, दुरुस्ती आणि रोज बोलणाऱ्या माणसांचे मानधन दरमहा लागते. त्यासाठी देणगीदार मिळणे कठीण असते आणि पैसे संपल्यावर गप्प झालेल्या केंद्रावर लोकांचा विश्वास पुन्हा बसत नाही. तिसरे म्हणजे, आपण कागद वाचून दाखवणार असू तर केंद्र आपले असून काय उपयोग?

सध्या आम्ही काय करतो

आम्ही लोकांचे म्हणणे लिहून ज्या केंद्रावर माझा कार्यक्रम लागतो तिथे नेले. तिथल्या मंडळींनी ते शांतपणे वाचले. ती माणसे थोडी आहेत आणि साधनेही थोडी, पण त्यांनी कार्यक्रमाची वेळ रात्री आठची करून दिली. आता मी एकटी बोलत नाही. एक आशाताई वारलीत बोलते, मी प्रश्न विचारते. महत्त्वाची गोष्ट कार्यक्रमात तीनदा सांगायची, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, म्हणजे एकदा खरखर झाली तरी दोनदा ऐकू येईल. आणि 'लिटर' हा शब्द नुसता वापरायचा नाही. जलसंजीवनी सांगताना आम्ही म्हणतो : "दुकानात पाण्याची एक लिटरची बाटली मिळते ना, रिकामी बाटली घरोघर असते, ती धुऊन चांगल्या पाण्याने पूर्ण भरा. मोठी पुडी सगळी त्या बाटलीत टाका. छोटी पुडी असेल तर ती एका पेल्याची. पुडीवर लिहिलेले कोणा शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. कालवलेले पाणी एका दिवसात संपवा, उरले तर टाकून द्या." वाचकांनीही हे लक्षात ठेवावे आणि इतरांना सांगावे.

चार पाड्यांवर आम्ही श्रोता मंच सुरू केले आहेत. प्रत्येक ठिकाणी पेटीचा एक रेडिओ ठेवला आहे आणि तो बचत गटातल्या एका बाईच्या ताब्यात आहे, म्हणजे तो कोणा एकाच्या कानात जाणार नाही. जिथे आवाज पोचतच नाही अशा एका पाड्यावर तोच कार्यक्रम पेनड्राइव्हमध्ये भरून छोट्या स्पीकरवर लावतो. ऐकून झाले की अर्धा तास बोलणे होते आणि आमचा कार्यकर्ता ते प्रश्न लिहून आणतो. पुढच्या बुधवारी त्यांची उत्तरे देतो आणि प्रश्न कोणत्या पाड्यावरून आला तेही सांगतो. आपल्या पाड्याचे नाव रेडिओवर आले की बाया एकमेकींकडे बघून हसतात.

सगळे जमले आहे असे नाही. एका पाड्यावरचा मंच स्थलांतरामुळे दिवाळीनंतर बंद पडला. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांपर्यंत कसे पोचायचे, याचे उत्तर अजून सापडलेले नाही. पेनड्राइव्ह मुकादमाच्या हाती पाठवून पाहिला, तो परत आला नाही. पुरुष मंचाला क्वचितच येतात. मोगऱ्याचा भाव रोज कोण कळवील, हेही ठरायचे आहे. हवामानाचा अंदाज तालुक्यापुरता मिळावा म्हणून कोणाला भेटायचे, याची चौकशी चालू आहे.

गेल्या महिन्यात त्या आजीच्या घरी गेले होते. बाळ आता पावणेदोन-दोन वर्षांचे झाले आहे. आजीने कोनाड्यातून एक लिटरची बाटली काढून मला दाखवली. ती धुऊन, बूच लावून वेगळी ठेवली होती. मी तिला विचारले, "आजी, काल काय ऐकलेस?" तिने सगळे सांगितले, फक्त एक गोष्ट चुकीची सांगितली. ती मी वहीत लिहून घेतली. या बुधवारी ती पुन्हा सांगायची आहे.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरी वापरात नसलेला, चालू स्थितीतला पेटीचा रेडिओ असेल, मध्यम लहरी आणि एफएम दोन्ही लागणारा असेल तर उत्तमच, तो संस्थेच्या कार्यालयात पोचवावा. आणखी सहा पाड्यांनी मंच मागितला आहे. आपल्यापैकी जे इतर आदिवासी भागांत काम करतात त्यांनी आपल्या गावातल्या श्रोत्यांना जरूर विचारावे आणि ते काय म्हणतात ते आम्हाला कळवावे. फक्त 'रेडिओ आवडतो का?' असे विचारू नये. 'काल काय ऐकलेत?' असे विचारावे.